वाळवंटातले खडक कसे पाहावेत: नागपूरहून थरच्या वाळवंटाकडे निघणाऱ्या नवख्यांसाठी

पहिल्यांदा जैसलमेरला गेलो तेव्हा मी तीन दिवसांत साडेचारशे छायाचित्रे काढली, आणि नागपूरला परतल्यावर त्यांतल्या एकाही खडकाबद्दल मला चार वाक्ये धड सांगता आली नाहीत. त्यांतल्या एका छायाचित्रात वाळूवर अतिशय रेखीव लाटा उमटलेल्या आहेत. शेजारी नाणे, पेन, चप्पल असे काहीच ठेवले नव्हते, त्यामुळे त्या लाटा बोटभर उंचीच्या होत्या की गुडघ्याएवढ्या, हे आज मलाही ठरवता येत नाही. भूशास्त्र हा माझा अभ्यासाचा विषय कधीच नव्हता. बँकेतील नोकरी सांभाळून जडलेली ही आवड आहे. त्यानंतर मी थरच्या वाळवंटात आणखी तीनदा जाऊन आलो आणि प्रत्येक वेळी आधी नागपूरच्या आसपास सराव करून गेलो. त्या सरावाने जो फरक पडला, तो नव्याने या वाटेला लागणाऱ्यांना पहिल्याच प्रवासात मिळावा, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

1. आधी मनातले चित्र दुरुस्त करावे

वाळवंट म्हटले की डोळ्यांसमोर वाळूचे डोंगर येतात. प्रत्यक्षात जगातील शुष्क प्रदेशांचा साधारण पाचवा हिस्साच वाळूने झाकलेला आहे. बाकी सारा उघडा खडक, खडीची माळराने, कोरडे ओढे आणि खारट सपाट तळ आहेत. जैसलमेर शहराच्या भोवतीही आधी दिसते ते खडकाळ माळरानच. त्याला तिकडे ‘मगरा’ म्हणतात आणि वाळूच्या टेकडीला ‘धोरा’. हे दोन शब्द येत असले तर वाटाड्याशी बोलणे फार सोपे जाते.

दुसरा गैरसमज अधिक खोलवर रुजलेला आहे. वाळवंटातील प्रत्येक आकार वाऱ्यानेच कोरला असेल, असे आपण धरून चालतो. शाळेच्या भूगोलातील भूछत्र खडकाचे चित्र याला बरेचसे कारणीभूत असावे. वाऱ्याबरोबर उड्या मारत जाणारे वाळूचे कण बहुतांशी जमिनीपासून मीटरभराच्या आतच राहतात, त्यामुळे खडकाचा पायथा घासला जातो, हे खरेच आहे. परंतु त्याच पायथ्याशी जमिनीतील ओल आणि क्षारही चढत असतात, आणि सुकताना क्षारांचे स्फटिक वाढून खडकाचे कण सुटे करतात. भूछत्र दिसले की ‘वारा’ असे लिहून मोकळे होऊ नये. अमेरिकेतील यूटामध्ये वालुकाश्माच्या ज्या प्रसिद्ध कमानी आहेत, त्यांच्या घडणीतही पाणी, हिम आणि खडकातील भेगा यांचाच वाटा मोठा आहे.

पाऊस कमी म्हणजे पाण्याचे काम कमी, हेही खरे नाही. जैसलमेरला वर्षाकाठी जेमतेम वीस सेंटिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि नागपूरला त्याच्या पाचपटीहून अधिक. पण तिथला पाऊस उघड्या, झाडोरा नसलेल्या जमिनीवर थोड्या वेळात कोसळतो आणि एका सरीत ओढ्याचा काठ बदलून टाकतो. ऑगस्ट 2006 मध्ये बारमेर जिल्ह्यात मोठा पूर आला होता. कवास गावाच्या परिसरात जमिनीखाली जिप्समचा थर असल्यामुळे पाणी मुरले नाही आणि कित्येक आठवडे ते तसेच साचून राहिले. अगदी वाळवंटाच्या मधोमध.

तिसरी गोष्ट मला सर्वांत उशिरा कळली, आणि या लेखातले एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर ते हे ठेवावे: समोर दिसणारे रूप आणि आज तिथे चालू असलेली क्रिया या दोन्ही एकाच काळातल्या असतीलच असे नाही. वाळूवरची लहर आज सकाळच्या वाऱ्याची असू शकते, तो धोरा अनेक उन्हाळ्यांचा असतो, धोऱ्याखालचा खडक समुद्राच्या तळाशी साचलेला असतो, आणि त्याच प्रदेशात पुढे गेले की ज्वालामुखीचा खडक लागतो. वाळवंट हा त्या जमिनीचा अगदी अलीकडचा रहिवासी आहे.

2. पहिला सराव नागपुरातच करावा

ही पायरी कोणीही गाळू नये. आपण नागपूरकर या बाबतीत विलक्षण भाग्यवान आहोत. दख्खनच्या काळ्या पाषाणाची पूर्वेकडची कडा आपल्या शहरातून जाते. पश्चिमेला हाच काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट, कामठीच्या बाजूला गोंडवन काळातील वालुकाश्म आणि पूर्वेला त्याहून कितीतरी प्राचीन पट्टिताश्म (पट्टेदार खडक), अशा तीन वेगवेगळ्या काळांच्या जमिनी दुचाकीवरून एका दिवसात पाहून होतात. स्टीफन हिस्लॉप यांच्या नावाचे महाविद्यालय सर्वांना ठाऊक असते. ते मूळचे मिशनरी होते, आणि तरीही रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी नागपूर परिसराचे भूशास्त्र आणि जीवाश्म यांवर 1855 साली लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला. हौशी माणसाने या विषयात काय करता येते, याचे इतके जवळचे उदाहरण दुसरे नाही.

सरावासाठी मी तीन जागा सुचवतो.

पहिली जागा म्हणजे अमरावती रस्त्याने बाहेर पडल्यावर रस्त्यासाठी कापलेल्या टेकड्या. तिथे मुरुमाच्या भिंतीत काळ्या दगडाचे गोल गोटे अडकलेले दिसतात आणि प्रत्येक गोट्याभोवती कांद्यासारखे पापुद्रे असतात. हे गोटे कुठून वाहत आलेले नाहीत. मूळ खडकाला आडव्या-उभ्या भेगा होत्या, भेगांतून पाणी शिरले, कोपरे आधी कुजले आणि आत गोल गाभा उरला. हे एकदा नीट पाहिले की वाळवंटातील गोलाकार शिळा पाहून ‘वाऱ्याने घासून गोल केली’ असे आपण चटकन म्हणत नाही. रस्त्याच्या कडेला उभे राहताना वाहतुकीचे भान ठेवावे, आणि पावसाळ्यानंतर लगेच भिंतीच्या अगदी पायथ्याशी जाऊ नये, कारण मुरूम ढासळतो.

दुसरी जागा म्हणजे कामठी-सिलेवाडा परिसरातील वालुकाश्म. याच गावावरून या खडकाला जगभर ‘कामठी’ हे नाव मिळाले आहे. त्याचे वय साधारण 25 कोटी वर्षे धरतात. खदानीच्या कापलेल्या कडेवर मुख्य थर आडवे दिसतात, पण जवळ जाऊन पाहिले तर एकेका थराच्या आत बारीक रेषा तिरप्या गेलेल्या असतात. या तिरप्या थरांना तिर्यक स्तरण म्हणतात. पाण्याने किंवा वाऱ्याने वाहून आणलेली वाळू उताराच्या बाजूला घसरत साचत गेली की असे थर बनतात. मी प्रथम पाहिले तेव्हा ‘म्हणजे इथे वाळवंट होते’ असा निष्कर्ष काढून मोकळा झालो होतो. तो चुकीचा होता. ही वाळू प्रामुख्याने नद्यांची आहे, आणि त्याची साक्ष त्याच कडेवर मिळते: वाळूत मिसळलेले गारगोटीचे लहान खडे. एवढे खडे वारा उचलून आणू शकत नाही. चालू खदानीत परवानगीशिवाय पाऊल टाकू नये. जुनी, बंद पडलेली खदानही एकट्याने पाहू नये.

तिसरी जागा माझ्या सर्वाधिक आवडीची आहे: कन्हान नदीचे एप्रिल महिन्यातील कोरडे पात्र. सकाळी सातच्या सुमारास, ऊन तिरपे असताना, रेतीवर दोन प्रकारच्या लहरी शेजारी-शेजारी सापडतात. धारेजवळच्या ओलसर भागातील लहरी पाण्याने केलेल्या असतात, तर उंचावरच्या सुक्या रेतीवरील लहरी वाऱ्याच्या असतात. गुडघे टेकून, दहापट मोठे दाखवणारे भिंग घेऊन, वाऱ्याने केलेल्या लहरीचा माथा आणि खाच यांतले कण निरखावेत. वाऱ्याच्या लहरीत जाड कण माथ्यावर जमलेले दिसतात आणि खाचेत बारीक; वाहत्या पाण्याच्या लहरीत बहुधा उलट असते. हा फरक मी कितीतरी ठिकाणी वाचला होता, पण रेतीचे चार कण नखावर घेऊन पाहीपर्यंत तो माझ्या पचनी पडला नव्हता. त्याच नखावर पुढे थरची वाळू घेऊन पाहाल तेव्हा दुसरा फरक दिसेल: नदीच्या रेतीचे कण बरेचसे कोपरेदार आणि काचेसारखे चमकणारे असतात, तर वाऱ्याने लांबवर नाचवलेले कण जास्त गोल आणि घासलेल्या काचेसारखे धुरकट असतात. रेतीउपशाचे खोल खड्डे आणि वरच्या धरणातून सोडलेले पाणी, या दोन गोष्टींची चौकशी करूनच पात्रात उतरावे.

3. प्रत्येक ठिकाणी तेच चार प्रश्न विचारावेत

नाव शोधण्याची घाई हा नवख्यांचा सर्वांत मोठा सापळा आहे. बारखाण, सैफ, यारदांग, द्वीपगिरी ही वाळवंटी आकारांची नावे पाठ असतात आणि समोर आलेल्या आकाराला त्यांतला एखादा चिकटवून आपण पुढे जातो. त्याऐवजी वहीत या क्रमाने लिहावे: खडक कोणता (की सुटी वाळू)? त्यात भेगा किंवा थर कोणत्या दिशेने गेले आहेत? त्यावर कोणाकोणाचे काम दिसते: पाणी, वारा, तापमान, क्षार, झाडाची मुळे? आणि यांतले आधी काय घडले, नंतर काय? चौथ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा जागेवर मिळत नाही. तरीही तो लिहावा, आणि उत्तराची जागा कोरी सोडावी.

4. साहित्य आणि कागदपत्रे

खर्चिक काहीच लागत नाही. माझ्या पिशवीत पुढील वस्तू असतात:

- दहापट भिंग, दोरी बांधून गळ्यात. वाळूत पडलेले भिंग सापडत नाही.
- जाड पुठ्ठ्याची वही आणि पेन्सिल. उन्हात बॉलपेनची शाई दगा देते.
- मोजपट्टी आणि दहा रुपयांचे नाणे. नाण्याचा व्यास 27 मिलिमीटर असतो, त्यामुळे छायाचित्रात ते सर्वांत सोयीचे माप ठरते.
- शाळेच्या कंपासपेटीतील कोनमापक, त्याच्या मध्यबिंदूला दोरा आणि दोऱ्याला एक नट बांधून. उताराचा कोन मोजायला एवढे पुरते.
- होकायंत्र. फोनमधले चालते, पण मोटारीच्या टपाजवळ ते चुकीची दिशा दाखवते.
- लहान चुंबक, आणि खडकाचा कठीणपणा पाहण्यासाठी एक खिळा.
- पांढऱ्या व्हिनेगरची छोटी बाटली आणि ड्रॉपर, चुनखडक ओळखण्यासाठी. जोरकस आम्ल रेल्वेतून नेऊ नये. त्याची गरजही नाही.
- दोन पांढरे रुमाल, टोपी, पूर्ण बाह्यांचा सदरा, टाच झाकणारे बूट.

हातोडा मुद्दाम या यादीत नाही. ज्या जागा आपण पाहणार आहोत, त्यांतल्या बऱ्याचशा संरक्षित आहेत, आणि खडकाच्या नैसर्गिक तुटलेल्या कडेवर जे शिकायला मिळते ते हौशी माणसाला पुष्कळ आहे.

कागदपत्रांमध्ये आधार किंवा अन्य छायाचित्र-ओळखपत्र मूळ प्रतीसह ठेवावे. जैसलमेर आणि बारमेर जिल्ह्यांतील सीमेकडचा काही भाग अधिसूचित असून तिथे जिल्हा प्रशासनाच्या परवानगीशिवाय जाता येत नाही. ठरवलेले ठिकाण त्यात येते का, हे निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे. मरू राष्ट्रीय उद्यानात वन विभागाचे नियम आणि शुल्क लागू होते. माळढोक उरलेल्या मोजक्या ठिकाणांपैकी ते एक आहे, म्हणून तिथे वाट सोडून मोटार घालणे हा फक्त नियमभंग ठरत नाही, त्याने पक्ष्याच्या जिवावर बेतते. सीमेच्या पट्ट्यात ड्रोन नेऊ नये. पोखरणच्या बाजूला लष्कराचे सरावक्षेत्र आहे. माळावर धातूची कोणतीही वस्तू दिसली तर तिला हात लावू नये.

नकाशासाठी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे ‘भूकोश’ हे संकेतस्थळ वापरावे. नोंदणी केली की खडकांचे रंगीत नकाशे पाहता येतात. याच सर्वेक्षणाचे मध्य विभागाचे मुख्यालय आपल्या सेमिनरी हिल्सवर आहे. जाण्याच्या भागाचा नकाशा छापून घ्यावा, कारण मगऱ्यावर फोनला संपर्क मिळेलच असे नाही. उपग्रहचित्रे आधीच फोनमध्ये उतरवून ठेवावीत. त्यांत धोऱ्यांची रांग कोणत्या दिशेने जाते हे घरबसल्या दिसते, आणि जमिनीवर मात्र ते अजिबात कळत नाही.

5. हंगाम आणि प्रवास

नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारी हा काळ योग्य. आपल्याला मे महिन्यातील नागपूर अंगवळणी पडलेले असते, आणि त्यामुळेच आपण थरच्या उन्हाला कमी लेखतो. नागपुरात दर शंभर पावलांवर कडुलिंबाची सावली आणि रसवंती असते. धोऱ्यावर दोन्ही नसतात. माणशी दिवसाला चार-पाच लिटर पाणी धरावे. डिसेंबरच्या रात्री कडाक्याच्या थंड असतात, तेव्हा स्वेटर सोबत घ्यावा.

नागपूरहून प्रवास दोन टप्प्यांत आखणे मला सोयीचे वाटले: आधी जोधपूर, तिथे दोन दिवस, मग सुमारे 280 किलोमीटरवरचे जैसलमेर. थेट जैसलमेरला जाऊन परत येऊ नये. जुना खडक आधी आणि वाळू शेवटी, हा क्रम पाळला तर सारे उलगडत जाते.

6. जोधपूर: किल्ल्याआधी किल्ल्याखालचा खडक पाहावा

मेहरानगड 1459 मध्ये राव जोधा यांनी बांधायला घेतला. सर्वांचे लक्ष तटबंदीकडे असते. आपण मात्र ती ज्या टेकडीवर उभी आहे तिच्या पोटाकडे पाहावे. खालचा लालसर-तपकिरी, कठीण, उभ्या भेगांचा खडक म्हणजे मलानी समूहातील रायोलाइट (लाव्हा थिजून झालेला खडक) आणि तापून एकजीव झालेली ज्वालामुखीय राख. त्याचे वय सुमारे 75 कोटी वर्षे आहे. आपला दख्खनचा पाषाण साडेसहा कोटींच्या आसपासचा, म्हणजे हा त्याच्याहून दहापटीपेक्षा जुना. या रायोलाइटवर जोधपूरचा वालुकाश्म टेकलेला आहे, आणि दोहोंमधील संपर्करेषा टेकडीच्या उतारावर उघडी पडली आहे. ही जागा आणि तिथला राखेचा खडक, दोन्हींना भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा दिला आहे.

त्या रेषेसमोर मी पाऊण तास बसलो होतो. खाली ज्वालामुखी, वर वाळूचे थर, आणि मध्ये कोट्यवधी वर्षांचा असा काळ की ज्याचा एकही थर तिथे उरलेला नाही. तेवढ्या काळात खालचा खडक थंड झाला, उघडा पडला, झिजला, आणि मग त्यावर वाळू साचली. पुस्तकात याला विसंगती म्हणतात. हाताच्या एका वितीत ती मावते.

किल्ल्याला लागूनच राव जोधा मरू-शिला उद्यान आहे. सुमारे 70 हेक्टर पडीक खडकाळ जमिनीवरून विलायती बाभळीची मुळे उपटून तिथे वाळवंटातील मूळची झाडे परत लावण्यात आली. 2006 मध्ये सुरू झालेले हे काम 2011 पासून लोकांना पाहता येते. पायवाटा आखलेल्या असल्यामुळे एकट्याने शिकण्यास ही जागा फार चांगली आहे. झाड नेमके कोणत्या भेगेत उगवले आहे याकडे लक्ष द्यावे. थोर आणि गवत भेगांच्या रेषा जणू आखून दाखवतात. रायोलाइटवर कुठे कुठे काळपट, चकचकीत पापुद्रा दिसतो. लोह आणि मँगनीज यांच्या ऑक्साइडांचा व मातीच्या कणांचा हा अतिशय पातळ लेप असतो आणि त्याला वाळवंटी लेप म्हणतात. त्याचा रंग म्हणजे खडकाचा रंग नव्हे, हे ताज्या तुटलेल्या कडेशी ताडून पाहावे.

खडकांच्या कपारीत हात घालू नये. फुरसे आपल्या कोकणात आहे तसे तिथेही आहे.

वाटेत वेळ काढता आला तर फलोदीच्या पुढे बाप नावाचे गाव आहे. तिथल्या माळावर वेगवेगळ्या जातींचे गोटे विखुरलेले दिसतात, आणि काहींवर समांतर ओरखडे असतात. ते हिमनदीचे काम आहे, सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वीचे. विदर्भातील वाचकांना याचे विशेष अप्रूप वाटावे, कारण त्याच हिमयुगाचे ओरखडे चंद्रपूर जिल्ह्यात इरईजवळच्या चुनखडकावरही आहेत.

7. जैसलमेर: समुद्राचा तळ

जैसलमेरचा सोनेरी दगड सर्वजण ‘सँडस्टोन’ म्हणून दाखवतात. परिसरात वालुकाश्म आहेच, पण त्या पिवळ्या दगडातला बराचसा भाग चुनखडक आहे. गावाबाहेर दगडफोडीच्या जागी पडलेली कपची घ्यावी, खिळ्याने थोडी भुकटी करावी आणि तिच्यावर व्हिनेगरचा थेंब टाकावा. बारीक बुडबुडे फुटले तर चुनखडक. भुकटी न करता थेट दगडावर थेंब टाकला तर व्हिनेगर इतके सौम्य असते की काहीच दिसत नाही आणि निष्कर्ष चुकतो; माझा पहिल्यांदा असाच चुकला होता. किल्ल्याच्या किंवा हवेलीच्या भिंतीवर हा प्रयोग कधीही करू नये.

भिंगातून पाहिल्यास या दगडात शिंपल्यांचे तुकडे दिसतात. ज्युरासिक काळात इथे उथळ समुद्र होता. 2023 मध्ये जैसलमेरजवळच्या जेठवाई येथील सुमारे 16.7 कोटी वर्षे जुन्या जीवाश्मांवरून ‘थारोसॉरस’ या शाकाहारी डायनासोरचे वर्णन प्रसिद्ध झाले, ते याच समुद्रकाठच्या थरांतून.

बारमेर रस्त्यावर, जैसलमेरपासून सुमारे 17 किलोमीटरवर, आकल येथे दगड झालेल्या वृक्षांचे उद्यान आहे. साधारण 18 कोटी वर्षांपूर्वीचे ओंडके उघड्या माळावर पडलेले आहेत आणि त्यांवर जाळीची छपरे घातली आहेत. इथे वेळ घेऊन पाहावे. ओंडक्याच्या एका टोकाला सालीसारख्या उभ्या रेषा दिसतात. बोट फिरवले तर गारगोटीचा थंडपणा जाणवतो. लाकडाच्या जागी सिलिका आली, पण रेषांची जागा हलली नाही. याच माळावर पायांखाली पाहिले तर लहान खडे एकमेकांना खेटून फरशीसारखे बसलेले दिसतात, कारण त्यांच्यामधली बारीक माती वारा आणि पाणी घेऊन गेले. ही वाळवंटी फरसबंदी आहे. एकदा मोटार गेली की तिची चाकोरी वर्षानुवर्षे राहते, म्हणून पायवाटेवरूनच चालावे.

आकलमधून किंवा माळावरून काहीही उचलून आणू नये. शंखाच्या आकाराचा एक दगड विकायला घेऊन मुले मागे लागतात. तो विकत घेतला की आपण त्या माळाची एकेक पाटी रिकामी करण्यास हातभार लावतो.

8. शेवटी वाळू

धोऱ्यांसाठी जायची दोन ठिकाणे आहेत: सम जैसलमेरच्या पश्चिमेला सुमारे 40 किलोमीटरवर आहे, खुरी नैर्ऋत्येला साधारण तितक्याच अंतरावर. समला गर्दी आणि जीपचा धुरळा जास्त असतो. मुक्कामाची नोंदणी करताना, ‘मला पहाटे अंधारात धोऱ्यावर जायचे आहे, जीपने नाही, पायी’ हे आधीच स्पष्ट सांगावे. माझ्या पहिल्या प्रवासात एका तंबू-मुक्कामाने कार्यक्रमाच्या नावाखाली संध्याकाळ नाचगाण्यात आणि सकाळ न्याहारीत घालवली, आणि तिरप्या उन्हाचे दोन्ही तास हातचे गेले. वाळूचे आकार फक्त त्या दोन तासांत वाचता येतात. दुपारी सारे सपाट पांढरे दिसते.

पहाटे धोऱ्याच्या माथ्यावर पोहोचल्यावर आधी दोन उतारांचे कोन मोजावेत. एका बाजूला वही उतारावर टेकवून त्यावर कोनमापक धरला की दोरा कोन दाखवतो. वारा ज्या बाजूने येतो तो उतार साधारण दहा-पंधरा अंशांचा, घट्ट, चालायला सोपा असतो. पलीकडचा घसरणीचा उतार 32 ते 34 अंशांचा, आणि तिथे पाऊल घोट्यापर्यंत रुतते. सुक्या वाळूचा ढीग याहून तीव्र उभा राहूच शकत नाही, म्हणून सहारा असो वा खुरी, हा आकडा फारसा बदलत नाही. माझ्या दोऱ्याने 33 अंश दाखवले तेव्हा मला झालेला आनंद मोठा होता.

आता दिशा. बारखाण चंद्रकोरीसारखा असतो आणि त्याची शिंगे वारा जिकडे जातो त्या बाजूला असतात. थरमध्ये मात्र इंग्रजी यू अक्षरासारखे धोरे फार मोठ्या प्रमाणात आहेत, आणि त्यांचे हात वारा जिकडून येतो त्या बाजूला मागे राहिलेले असतात, कारण कडेच्या वाळूला झुडपांनी धरून ठेवले आणि मधला भाग पुढे सरकला. नवखा माणूस दोहोंनाही ‘चंद्रकोर’ म्हणतो आणि वाऱ्याची दिशा बरोबर उलटी लिहितो. तेव्हा शिंगे पाहून दिशा ठरवू नये. घसरणीचा उतार कोणत्या बाजूला आहे ते पाहावे.

त्याहून बारीक सापळा लहरींचा आहे. थरमधले धोरे मुख्यतः उन्हाळ्यातील जोरकस नैर्ऋत्य वाऱ्याने घडतात. आपण जातो डिसेंबरात, आणि तेव्हा वारा हलका आणि बरेचदा उत्तर-ईशान्येकडून असतो. त्यामुळे धोऱ्याच्या अंगावरच्या लहरी एक दिशा दाखवतात आणि खुद्द धोरा दुसरी. मी वहीत दोन्ही दिशा लिहिल्या, त्या जुळेनात, आणि होकायंत्र बिघडले असे समजून एक पूर्ण दिवस वाया घालवला. दोन्ही नोंदी बरोबर होत्या.

धोऱ्यांमधल्या सपाट जागांत भुरट गवत असते. त्याचे काटेरी फळ पायमोज्यात शिरले की निघत नाही. पायजम्याची टोके बुटात खोचावीत. परतीचा मार्ग पावलांच्या खुणांवर सोडू नये, कारण वारा त्या तासाभरात बुजवतो. निघतानाच दूरचे एखादे झाड किंवा मनोरा हेरून ठेवावा.

9. नोंदी त्याच रात्री पूर्ण कराव्यात

प्रत्येक ठिकाणी तीन छायाचित्रे काढावीत: दुरून पूर्ण देखावा, मध्यम अंतरावरून माणसासह, आणि जवळून नाण्यासह. त्याआधी पाच मिनिटे कॅमेरा बाजूला ठेवून वहीत रेखाटन करावे. चित्र चांगले येत नाही म्हणून पुष्कळ जण हे टाळतात. रेखाटनाचा उपयोग वेगळा आहे: रेघ कुठून कुठे न्यायची हे ठरवताना डोळ्याला थर आणि भेगा शोधाव्याच लागतात. मुक्कामी परतल्यावर झोपण्यापूर्वी छायाचित्रांचे क्रमांक वहीतील नोंदींपुढे लिहावेत. दुसऱ्या दिवशी हे काम दुप्पट अवघड होते, आणि नागपूरला येईपर्यंत ते राहूनच जाते.

परत आल्यावर कोऱ्या ठेवलेल्या चौथ्या प्रश्नांची यादी करावी. अजब बंगल्यात, म्हणजे 1863 साली स्थापन झालेल्या मध्यवर्ती संग्रहालयात, खडक आणि जीवाश्म पाहायला जाण्यापूर्वी ते दालन उघडे आहे का हे विचारून घ्यावे. आपल्या विद्यापीठात भूशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. माप, दिशा, ठिकाण आणि रेखाटन यांसह नेमका प्रश्न घेऊन गेलेल्या माणसाला तिथे वेळ दिला जातो, हा माझा अनुभव आहे. फोनमधले नुसते छायाचित्र पुढे करून ‘हे काय आहे’ विचारले तर कोणालाच उत्तर देता येत नाही. माझ्या वहीत बापच्या एका गोट्यापुढे अजून प्रश्नचिन्ह आहे. त्यावर ओरखड्यांचे दोन संच एकमेकांना छेदून गेले आहेत. पुढच्या डिसेंबरात तो गोटा पुन्हा पाहण्यापूर्वी, येत्या उन्हाळ्यात मी इरईला जाऊन तिथल्या ओरखड्यांच्या दिशा मोजून येणार आहे.